रिपोर्टात लाल अक्षर नाही, म्हणजे किडनी ठीक आहे का?

सदर : तब्येत-पाणी



गेल्या काही वर्षांत आपल्या घरांमध्ये तरुण पिढीकडे एक काम आपोआप आलं आहे, ते म्हणजे रिपोर्ट वाचणं. आजी-आजोबा वडोदऱ्याला, इंदूरला किंवा बेळगावला. उपचार कधी गावातच, कधी मुंबईला. आणि नातू किंवा नात नोकरीसाठी तिसऱ्याच शहरात. लॅबचा रिपोर्ट पीडीएफ होऊन व्हॉट्सअॅपवर येतो आणि मागोमाग प्रश्न येतो, "बघ रे, काळजीचं काही आहे का?" मग आपण काय करतो? ठळक अक्षरात किंवा लाल रंगात छापलेला आकडा शोधतो. तो सापडला नाही की लिहून टाकतो, "सगळं नॉर्मल आहे."

एरवी हे चालून जातं. पण घरात कोणाचं केमो सुरू असेल, आणि ती व्यक्ती सत्तरीच्या पुढची किंवा पाच-सात वर्षांची असेल, तर किडनीच्या बाबतीत हा "नॉर्मल" शब्द फसवू शकतो. का फसवतो आणि त्यावर घरच्यांना काय करता येतं, ते आज पाहू.

क्रिएटिनिन म्हणजे नेमकं काय?

किडनीची तपासणी म्हटली की आपण क्रिएटिनिन बघतो. हा पदार्थ किडनीत तयार होत नाही, तो तयार होतो स्नायूंमध्ये. स्नायूंतल्या क्रिएटिनचा साधारण एक ते दोन टक्के भाग रोज क्रिएटिनिनमध्ये बदलतो, रक्तात उतरतो आणि किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की क्रिएटिनिन रक्तात साचतं आणि आकडा वाढतो. चाचणीचं तत्त्व इतकं सरळ आहे.

पण मोरीचं उदाहरण घ्या. मोरीत पाणी किती साचेल हे दोन गोष्टींवर ठरतं: जाळी किती मोकळी आहे आणि नळ किती सुटला आहे. जाळी अर्धी तुंबलेली असली तरी नळाची धार बारीक असेल तर पाणी साचत नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, मोरी छान वाहते आहे.

आजी-आजोबांचं असंच होतं. वयानुसार स्नायू कमी होतात, म्हणजे क्रिएटिनिनचा नळ बारीक होतो. त्याच काळात किडनीची गाळण्याची शक्तीही हळूहळू उतरत असते, म्हणजे जाळी तुंबत असते. दोन्ही एकदमच घडत असल्यामुळे रक्तातला आकडा जागचा हलत नाही. लॅबने छापलेली मर्यादा बहुधा सगळ्या प्रौढांसाठी एकच असते, फार तर स्त्री-पुरुष असा भेद केलेला असतो. तीस वर्षांच्या पहिलवानाला आणि पंचाहत्तरीच्या आजींना मापायला एकच पट्टी.

एकच आकडा, दोन किडन्या

हा फरक किती मोठा आहे ते गणित करून बघू. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ सालचं सूत्र औषधांचे डोस ठरवताना आजही वापरलं जातं. १४० मधून वय वजा करा, त्याला किलोमधल्या वजनाने गुणा, आणि आलेल्या संख्येला ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. स्त्री असेल तर उत्तराला ०.८५ ने गुणा. किडनी दर मिनिटाला साधारण किती मिलिलीटर रक्तद्रव स्वच्छ करते, याचा अंदाज मिळतो.

क्रिएटिनिन ०.९ धरा. कुठल्याही लॅबमध्ये हा आकडा निर्धोक मानला जाईल. तीस वर्षांचा, सत्तर किलोचा तरुण घेतला तर उत्तर येतं सुमारे ११९. बहात्तर वर्षांच्या, अठ्ठेचाळीस किलोच्या आजी घेतल्या तर उत्तर येतं सुमारे ४३. रिपोर्टवर आकडा तोच, लाल खूण दोघांनाही नाही, पण आजींच्या किडनीचं काम तरुणाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश.

हे केवळ कुतूहल म्हणून करायचं गणित नाही, केमोचा डोस त्यावर ठरतो. कार्बोप्लॅटिन या औषधाचा डोस काढण्यासाठी १९८९ पासून कॅल्व्हर्ट यांचं सूत्र वापरतात: किडनीच्या गतीत २५ मिळवा आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या लक्ष्यांकाने गुणा. लक्ष्यांक ५ असेल तर आपल्या या आजींचा डोस ३४० मिलिग्रॅम येतो.

आता समजा, याच आजी आजारपणाने खंगल्या. वजन आपण तेच धरू, पण स्नायू झडल्यामुळे क्रिएटिनिन ०.४ वर आलं. सूत्रात घातलं तर किडनीची गती ९६ येते आणि डोस जातो ६०५ वर! किडनी सुधारलेली नाही, फक्त नळ आणखी बारीक झाला आहे. म्हणूनच अनेक ठिकाणी कृश रुग्णांच्या बाबतीत क्रिएटिनिन ०.७ च्या खाली असलं तरी हिशेबात ०.७ धरण्याची पद्धत आहे. तसं केलं तर गती ५५ च्या आसपास येते. "क्रिएटिनिन कमी आलं, फारच छान" असं म्हणण्याआधी ती व्यक्ती किती वाळली आहे ते डोळ्यांनी बघायला हवं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. वय झालं म्हणजे किडनी गेलीच, असं नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात निरोगी माणसांच्या किडनीवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवण्यात आलं. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत सरासरी घट वर्षाला पाऊण मिलिलीटर इतकी निघाली, पण सुमारे एक तृतीयांश लोकांमध्ये घट दिसलीच नाही. त्यामुळे नुसत्या जन्मसालावरून निवाडा करू नये, मोजून बघावं.

किडनीला त्रास देणारं, तरीही हवंच असणारं औषध

केमोच्या सगळ्याच औषधांनी किडनी बिघडते असं नाही. ज्यांच्याबाबत जपावं लागतं त्यांत पहिलं नाव सिस्प्लॅटिनचं. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि ते दोऱ्यासारखे लांबत गेले. शोध घेतल्यावर कळलं की ही किमया विजेची नव्हती, प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रवात उतरलेल्या संयुगांची होती. त्यातूनच हे औषध आलं आणि १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. वृषणाचा कर्करोग पसरलेला असतानाही बरा होऊ शकतो, हे या औषधामुळे शक्य झालं. तोंड, घसा, गर्भाशयमुख, बीजांडकोश आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांतही ते वापरलं जातं.

मात्र सुरुवातीच्या चाचण्यांतच किडनीवरचा परिणाम इतका ठळक होता की औषध बाजूला पडतं की काय, अशी वेळ आली होती. भरपूर सलाईन देऊन मग औषध द्यायचं, ही पद्धत १९७० च्या दशकात बसवली गेली आणि मार्ग मोकळा झाला. आजही सिस्प्लॅटिनच्या आधी आणि नंतर जी सलाईन चालते, ती "अशक्तपणासाठी" नसते, किडनीसाठी असते. "किती वेळ लावतात, लवकर घरी सोडा" असा आग्रह आपण करतो तेव्हा हे आठवावं.

आपल्या किडनीत गाळणीच्या पुढे बारीक नळ्या असतात. शरीराला लागणारं मीठ, पाणी, मॅग्नेशियम वगैरे त्या परत आत ओढून घेतात. सिस्प्लॅटिन या नळ्यांच्या पेशींत शिरून साचतं आणि त्यांना मारतं. ढोबळ मानाने चार ते तीन रुग्णांमागे एकाला कमीअधिक इजा होते. वय जास्त असणं हे त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली सिस्प्लॅटिनच्या इजेचा धोका आधीच ओळखता यावा म्हणून गुणांची एक साधी पद्धत मांडली. तिच्यात चारच गोष्टी आहेत: वय, उच्च रक्तदाब, रक्तातलं अल्ब्युमिन आणि औषधाचा डोस.

सिस्प्लॅटिन एकटं नाही. मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसमध्ये दिलं तर त्याचे कण किडनीच्या नळ्यांत साचू शकतात, आणि आयफॉस्फमाइड नळ्यांना इजा करतं. त्याच्याकडे पुढे वळू.

मोठ्या वयात इजा उशिरा का कळते?

पहिलं कारण आपण पाहिलं: क्रिएटिनिन मुळातच खाली असतं. आजींचं केमोआधी ०.६ होतं आणि नंतर ०.९ झालं, तर दोन्ही आकडे मर्यादेतच. पण किडनीच्या अचानक इजेची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या २०१२ पासून मान्य आहे, तिच्यानुसार सात दिवसांत मूळच्या दीडपट वाढ किंवा ४८ तासांत ०.३ ची वाढ म्हणजे इजा. शून्य पूर्णांक सहाचं नऊ होणं ही बरोबर दीडपट वाढ आहे. लॅबचं मशीन गप्प बसतं, कारण त्याला आजचा आकडा दिसतो, गेल्या आठवड्याचा दिसत नाही. तो माहीत असतो फाइल सांभाळणाऱ्याला.

दुसरं कारण वेळेचं. सिस्प्लॅटिनने किडनीला झालेली इजा बहुधा त्याच दिवशी रक्तात दिसत नाही. क्रिएटिनिन काही दिवसांनी चढू लागतं, आणि दहाव्या दिवसाच्या आसपास सर्वांत वर असू शकतं. तोवर पेशंट घरी आलेला असतो. पुढची तपासणी थेट तिसऱ्या आठवड्यात झाली तर मधला चढउतार कोणाच्याच नजरेस पडत नाही.

तिसरं कारण म्हणजे लक्षणांची सरमिसळ. थकवा, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गुंगी ही किडनी बिघडल्याचीही लक्षणं आहेत आणि केमोचीही. त्यात वय. घरचे म्हणतात, "केमो आहे, एवढं चालायचंच." शिवाय म्हातारपणी तहानेची जाणीव कमी होते. उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडं पडलं तरी आजोबा पाणी मागत नाहीत. रात्री उठावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी टाळणारेही पुष्कळ आहेत.

चौथी गोष्ट म्हणजे एक गैरसमज: "लघवी भरपूर होते आहे, म्हणजे किडनी ठणठणीत." सिस्प्लॅटिनच्या इजेत लघवी बहुधा कमी होत नाही, उलट कधी कधी वाढते, कारण नळ्यांना पाणी परत ओढून घेणं जमत नाही. लघवीबरोबर मॅग्नेशियमही वाहून जातं. पायात गोळे येणं, स्नायू फडफडणं, छातीत धडधडणं यांमागे ते असू शकतं. म्हणून या औषधाबरोबर क्रिएटिनिनइतकीच मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची तपासणी महत्त्वाची.

आणि पाचवी गोष्ट आपल्या घरातल्या औषधांच्या डब्याची. रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, गुडघेदुखीवर वर्षानुवर्षं चाललेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन: शरीर कोरडं पडलेलं असताना ही सगळी एकत्र आली की किडनीवर भार वाढतो. सिटी स्कॅनसाठी शिरेतून दिलेला रंगही कधी कधी त्यात भर घालतो. कोणी प्रेमाने आणून दिलेले काढे आणि चूर्णं तर डॉक्टरांच्या कागदावर कधी चढतच नाहीत.

लहान मुलांचं गणित वेगळं, फसगत तीच

मुलांचे स्नायू लहान, म्हणून त्यांचंही क्रिएटिनिन खाली असतं. तीन-चार वर्षांच्या मुलाचं ०.३ असू शकतं. त्यासाठी श्वार्ट्झ यांचं वेगळं सूत्र आहे, २००९ साली सुधारलेलं: सेंटिमीटरमधली उंची गुणिले ०.४१३, भागिले क्रिएटिनिन. उंची १०० सेंटिमीटर आणि क्रिएटिनिन ०.३ असेल तर उत्तर येतं सुमारे १३८. क्रिएटिनिन ०.६ झालं की तेच येतं ६९. किडनीचं काम निम्म्यावर आलं, आणि मोठ्यांची मर्यादा छापलेल्या रिपोर्टवर ०.६ अगदी निर्धोक दिसतं. मुलाचा रिपोर्ट असेल तर वयाप्रमाणे मर्यादा दिली आहे का, हे आधी बघा.

मुलांच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. हाडांच्या आणि स्नायूंच्या काही कर्करोगांत दिलं जाणारं आयफॉस्फमाइड कधी कधी गाळणी शाबूत ठेवून नळ्यांना इजा करतं, आणि अगदी लहान वयात हा धोका जास्त असतो. मग क्रिएटिनिन बरं दिसतं, पण लघवीतून फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि साखर वाहून जात राहते. रक्तातली साखर वाढलेली नसताना लघवीत साखर दिसणं ही इथली महत्त्वाची खूण आहे. लक्ष गेलं नाही तर वाढत्या वयात हाडं मऊ पडतात, उंची खुंटते. म्हणून मुलांमध्ये रक्ताबरोबर लघवीची तपासणी आणि उंचीची नोंद हवीच.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी लहानपणी केमो घेऊन बरं झालं असेल, तर जुनी फाइल माळ्यावर टाकू नका. कोणती औषधं मिळाली होती ते नव्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि रक्तदाब, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन किती काळाने तपासायचं ते विचारा. बाळाचा विचार सुरू असेल तर आधीच.

मग दुसरी चाचणी नाही का?

आहेत. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे स्नायू झडल्याने ते फारसं हलत नाही. कृश, वृद्ध माणसात ते क्रिएटिनिनच्या जोडीने तपासलं तर चित्र अधिक स्पष्ट होतं. पण केमोच्या उलट्या थांबवण्यासाठी जे डेक्सामेथासोन देतात ते स्टिरॉइड आहे, आणि स्टिरॉइडमुळे सिस्टॅटिन-सी वाढतं. थायरॉइडच्या बिघाडानेही आकडा हलतो. म्हणून हा आकडाही एकटा वाचायचा नसतो. डोसचा निर्णय काठावर असेल तेव्हा मोठ्या केंद्रांत डीटीपीए स्कॅन करून किडनीची गती प्रत्यक्ष मोजता येते.

नळ्यांना इजा झाल्याबरोबर लघवीत उतरणारी काही प्रथिनंही सापडली आहेत. किम-१ आणि एनगॅल ही त्यांतली गाजलेली नावं. २००८ साली अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने किम-१ सह लघवीतल्या सात खुणांना मान्यता दिली, पण ती उंदरांवरच्या औषधचाचण्यांसाठी. आणि इथेही वय आडवं येतं. प्रयोगशाळेतल्या चाचण्या बहुधा तरण्या उंदरांवर होतात. वय वाढलेल्या उंदरांना, विशेषतः नरांना, औषध न देताही किडनीचा जुनाट आजार जडतो. मग सापडलेली खूण औषधाची की वयाची, हे वेगळं काढणं कठीण होतं. माणसांतही तसंच. लघवीत जंतुसंसर्ग असेल तर एनगॅल वाढतं, आणि मोठ्या वयात हा संसर्ग काही विरळा नाही. आज तरी रोजच्या वापरात भरवसा ठेवायचा तो क्रिएटिनिनवरच, पण ते डोळसपणे वाचून.

घाबरून औषध सोडू नका

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, "मग आजोबांना केमो नकोच." हा निष्कर्ष काढू नका. नुसत्या वयाकडे बघून उपचार नाकारणं हीसुद्धा चूकच, कारण कर्करोग वय बघून थांबत नाही. किडनीला जपत उपचार करण्याचे मार्ग आहेत: सलाईन आणि मॅग्नेशियम नीट देणं, डोस विभागणं, औषध बदलणं.

याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून चालू आहे आणि आपल्या गावांतून किती घरं तिथल्या वाऱ्या करतात, हे वेगळं सांगायला नको. तोंड-घशाच्या कर्करोगात किरणोपचाराबरोबर सिस्प्लॅटिन देतात. पण किडनी, कान किंवा एकूण तब्येतीमुळे ज्यांना ते झेपत नाही, त्यांचं काय? तिथल्या डॉक्टरांनी अशा ३५६ रुग्णांचा अभ्यास केला. काहींना नुसते किरणोपचार दिले, काहींना त्याबरोबर दर आठवड्याला डोसिटॅक्सेलचा छोटा डोस. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या किरणोपचारांत ४१.७ टक्के, तर डोसिटॅक्सेलसह ५०.८ टक्के. डोसिटॅक्सेलचे स्वतःचे त्रास आहेतच, पण "सिस्प्लॅटिन झेपत नाही" या वाक्यापुढे पूर्णविराम नसतो, हे त्यातून कळतं. म्हणूनच किडनीचा खरा अंदाज वेळेवर मिळायला हवा. तो मिळाला तर डॉक्टरांपुढे पर्याय उरतात.

तुमच्या हातातली कामं

एक वही करा, किंवा फोनवर एक तक्ता. रकाने पुरेत तेवढे: तारीख, वजन, क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, पोटॅशियम, आणि केमोची कितवी फेरी. पहिली ओळ केमो सुरू होण्याच्या आधीची हवी, कारण पुढची सगळी तुलना तिच्याशी होणार आहे. गेल्या एक-दोन वर्षांतले जुने रिपोर्ट सापडले तर त्यांचेही आकडे लिहा. शक्यतो एकाच लॅबमधून तपासण्या करा.

नवा आकडा आला की तो लॅबच्या मर्यादेशी नाही, आपल्याच पहिल्या ओळीशी ताडून बघा. दीडपट झाला असेल तर रिपोर्टवर खूण असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वजन पाच-सहा किलो उतरलं आणि क्रिएटिनिन "तसंच" आहे, तर तेही सांगा, कारण स्नायू कमी होऊनही आकडा उतरला नाही, याचा अर्थ किडनी मागे पडली असू शकते. वर दिलेली सूत्रं समजून घेण्यासाठी आहेत, त्यावरून घरी डोस ठरवू नका. आकडा रोज बदलत असताना तर ती सूत्रं लागूच पडत नाहीत.

पहिल्या फेरीआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. वयाच्या हिशेबाने किडनीची गती किती धरली आहे? दोन फेऱ्यांच्या मध्ये, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, रक्ततपासणी करायची का? रोज पाणी किती प्यायचं? (हृदयाचा आजार असेल तर "भरपूर" हे उत्तर चुकीचं ठरू शकतं, म्हणून मापात विचारा.) आणि घरातली कोणती औषधं केमोच्या दिवसांत थांबवायची? हा शेवटचा प्रश्न विचारायला जाताना औषधांचा अख्खा डबाच बरोबर न्या, काढे-चूर्णांसकट. आपल्या मनाने मात्र रक्तदाबाची गोळी बंद करू नका.

घरी आल्यावर वजन रोज सकाळी, एकाच काट्यावर. दिवसभर पोटात पाणी ठरत नसेल, उलट्या-जुलाब थांबत नसतील, दोन दिवसांत वजन झपाट्याने उतरलं किंवा वाढलं, लघवी कमी झाली, पायावर सूज आली, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर "उद्या बघू" म्हणू नका. आणि जो दूर आहे त्याने फोनवर "कशी आहेस आजी?" एवढंच विचारू नये. त्याला उत्तर ठरलेलं असतं, "बरी आहे रे बाळा." त्याऐवजी विचारा, "सकाळपासून किती भांडी पाणी प्यालीस? आज वजन किती भरलं?" त्या उत्तरांतून तब्येत कळते.

आपल्या आई-आजी घरखर्चाची वही लिहीत आल्या आहेत. या महिन्यात तेल जास्त गेलं की कमी, हे त्यांना बाजारभाव बघून नाही, आपल्याच मागच्या पानावरून कळायचं. किडनीचा हिशेबही तसाच ठेवायचा आहे. मागचं पान जपलं की आजच्या आकड्याचा अर्थ लागतो.

तुमचे प्रश्न मंडळाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. रिपोर्ट पाठवायचा असेल तर त्यावरचं नाव झाकून, आणि शक्य असेल तर आधीचा रिपोर्ट सोबत जोडून.